वेणूआत्याची अर्धशिशी आणि मौनवेल

मुलांनो, मांडी घालून बसा. चुळबुळ करू नका. गोष्ट डोकेदुखीची आहे.

एका जंगलात सगळेच वैद्य होते. रोगी मात्र एकच होती.

तिचं नाव वेणूआत्या. ती हत्तीण होती. नाव बासरीचं आणि अंग डोंगराचं, पण हसू नका. नाव ठेवलं तेव्हा ती लहान होती.

वेणूआत्याला अर्धशिशीचा त्रास होता. अर्धशिशीत डोक्याची एकच बाजू ठणकते. आता तुमचं-माझं अर्धं डोकं म्हणजे नारळाची कवड. हत्तिणीचं अर्धं डोकं केवढं असेल, तुम्हीच विचार करा. ते दुखायला लागलं की तिला उजेड खुपायचा. वास सोसायचा नाही. पान गळलं तरी झाड पडल्यासारखं वाटायचं.

त्या वर्षी उन्हाळा फार कडक होता. जंगलातलं तळं आटत चाललं होतं. डोंगरापलीकडे एक डोह होता. तो कधीच आटत नसे. पण त्याची वाट एकट्या वेणूआत्याला ठाऊक होती. तिच्या आजीनं तिला लहानपणी चालवत नेऊन दाखवली होती. ती वाट आत्याच्या डोक्यात होती. आणि मुलांनो, नेमकी दुखऱ्या बाजूला.

"आत्या, निघायचं का?" सगळे विचारायचे.

"डोकं थांबू द्या," आत्या म्हणायची. "मग वाट आठवेल. मला एक दुपार कळकाच्या बेटात, त्या बांबूंच्या दाटीत, पडू द्या. तिथे गर्द अंधार आहे. आणि तेवढा वेळ गप्प बसा."

"बघा, कशी चिडचिड होते," भालेराव अस्वल इतरांना म्हणाले. "हे लक्षणच आहे."

उपाय इतका सोपा होता. पण त्या जंगलाची एक रीत होती. आजाऱ्याच्या समाचाराला रिकाम्या हातानं जायचं नाही. एक उपाय घेऊन जायचं. आणि आजाऱ्यानं 'गुण आला' म्हटल्याशिवाय जागचं उठायचं नाही.

पहिले आले भालेराव. पोळ्यासकट मध घेऊन आले. मधमाश्याही सोबत आल्या, कारण पोळं त्यांचं होतं.

"सूर्य उगवायच्या आत गोड खायचं," भालेराव म्हणाले. "आमच्या आजोबांची अर्धशिशी यानंच गेली."

"आजोबा कुठे असतात हल्ली?" आत्यानं विचारलं.

"तेही गेले."

मधमाश्या आत्याच्या कानाभोवती घोंगावू लागल्या. आत्या घाईघाईनं म्हणाली, "गुण आला, गुण आला!" भालेराव खूश होऊन उठले आणि जंगलभर सांगत सुटले.

इथेच आत्याचं चुकलं. भालेरावांचा गुण येतो, मग आमचा का नाही? सगळ्या जंगलाला हा प्रश्न पडला.

मग साळिंदरकाकू आली. ती आपले काटे घेऊनच फिरत असे, त्यामुळे तिला वेगळी तयारी लागली नाही.

"मी नेमक्या जागी टोचते," काकू म्हणाली.

"नेमकी जागा कुठली?"

"ती टोचल्यावर कळते."

काकूनं टोचलं. पुन्हा टोचलं. मग विचारलं, "आता कुठे दुखतंय?"

"सगळीकडे," आत्या कळवळून म्हणाली.

"बघा! अर्धशिशी गेली. अर्धं काही राहिलंच नाही."

त्यानंतर उदमांजर आलं. त्यानं सुगंधाचा उपचार केला. तो काय होता ते विचारू नका. तुम्हाला जेवायचं आहे. त्याच्या मागून बेडूक आले. त्यांचा उपचार नादाचा होता. तळ्यातलं पाणी कमी झाल्यानं त्यांना वेळच वेळ होता.

"तुम्ही एका सुरात तरी गाणार ना?" आत्यानं हात जोडल्यासारखी सोंड कपाळाला लावून विचारलं.

"छे, ज्याच्या त्याच्या सुरात," बेडूक म्हणाले. "ते नैसर्गिक असतं."

आत्या सगळ्यांना 'गुण आला' म्हणत राहिली. गुण आला म्हणावं, तर तो उपाय घेऊन सगळे पुन्हा येत. नाही म्हणावं, तर कुणी उठतच नसे. डोकं ठणकत होतं. तळं आटत होतं.

आणि अशा वेळी प्रबोध परत आला.

प्रबोध वानर होता. तो शिकायला लांब, थंड हवेच्या डोंगरावर गेला होता. तिथे एका आश्रमाच्या कुंपणावर बसून त्यानं सगळी विद्या घेतली होती. केळीही घेतली होती, पण विद्या जास्त. प्रबोध वाईट नव्हता, मुलांनो. त्याला खरोखर जंगलाचं भलं करायचं होतं. अशांना पळवून लावता येत नाही, हीच तर अडचण असते.

"आत्या, तुम्ही उपाय एकेक करून घेतलेत, ही मूळ चूक," प्रबोध डोळे चमकवत म्हणाला. "उपचार समग्र हवा. सगळे एकदम. आणि मुख्य म्हणजे कपाळावर पाण्याची संथ धार."

"पाणी कुठलं?"

"तळ्यातलं."

सगळं जंगल कामाला लागलं. कुणी पळसाच्या पानांचे द्रोण केले. कुणी रांग लावली. तळ्यातलं पाणी द्रोणाद्रोणानं आत्याच्या कपाळावर पडू लागलं. एका बाजूनं काकू टोचत होती. दुसऱ्या बाजूनं मधमाश्या होत्या. पायाशी बेडूक, ज्याच्या त्याच्या सुरात.

"अरे प्रबोध, पाणी संपत आलंय," आत्या म्हणाली.

"त्याची चिंता नको. तुम्ही बऱ्या झालात की आपण पाण्याकडेच तर जाणार आहोत!"

"मला गुण येत नाहीये."

"श्रद्धा कमी पडतेय. धार मोठी करा रे!"

धार मोठी झाली. तळं होतं तिथे चिखल राहिला. मग प्रबोधनं चिखलाचाही लेप करायला घेतला.

तेवढ्यात आत्याला पायाशी काहीतरी ओलसर लागलं. खाली एक पाडस उभं होतं. आत्याच्या कपाळावरून ओघळलेलं पाणी ते तिच्या गुडघ्यावरून चाटत होतं. आत्यानं त्याच्याकडे पाहिलं. त्याला दुसरीकडे कुठे पाणी उरलंच नव्हतं.

आत्यानं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि सोंड वर केली.

"थांबा," ती म्हणाली. "माझ्या आजीचा एक उपाय मला आठवला."

सगळे थांबले. काकूचा काटा हवेतच राहिला.

"मौनवेल," आत्या म्हणाली.

हे नाव तिनं त्याच क्षणी बनवलं होतं. कुणाला सांगू नका.

"मौनवेल!" प्रबोधनं जागीच उडी मारली. "मी तिच्याबद्दल ऐकलंय!"

मुलांनो, शिकलेल्यांचं असंच असतं. जे नाही, त्याच्याबद्दलही त्यांनी ऐकलेलं असतं.

"तिचं पान कसं असतं, आत्या?"

"पान बघून ती सापडत नाही. ती गुणगुणते. त्या आवाजावरून शोधायची. पण तिचं गुणगुणणं फार बारीक असतं. कुणी बोललं की ती थांबते."

"कुणी गायलं तर?" बेडकांनी विचारलं.

"तर वाळते."

"आणि ती असते कुठे?"

"इथून लांब. खूप लांब. सगळ्यांनी मिळून जायला हवं. चवड्यांवर. एकही शब्द न बोलता."

प्रबोधनं तोंडावर हात ठेवला. भालेरावांनी पोळं खाली ठेवलं. मधमाश्या आपलं घर परत मिळाल्यासारख्या त्यावर बसल्या आणि चूप झाल्या. बेडकांनी गाल आत ओढले. सगळं जंगल चवड्यांवर निघून गेलं.

वेणूआत्या कळकाच्या बेटात शिरली. आत गार अंधार होता. कळकांची पानं इतकी दाट, की ऊन आत यायचा विचारही करत नसे. आत्या आडवी झाली. कुणी विचारलं नाही, बरं वाटतंय का. कुणी सांगितलं नाही, श्वास कसा घ्यायचा. तिनं तो आपला आपणच घेतला. आणि ती झोपली.

जागी झाली तेव्हा डोकं धुऊन ठेवलेल्या पाटीसारखं स्वच्छ होतं. त्यावर वाट स्पष्ट उमटली होती. आजीच्या पावलांसकट.

आत्यानं सगळ्यांना हाक मारली. सगळे रिकाम्या हातानं धावत आले. आत्या बरी दिसली, म्हणजे वेल लांबूनच लागू पडली, असं प्रत्येकानं धरलं. ती पुढे आणि जंगल मागे. डोंगर ओलांडला आणि समोर डोह आला. निळा, भरलेला. पाडस पाण्यात तोंड बुडवून प्यायला लागलं, ते वर बघेचना. डोहाच्या काठावरही कळकाचं एक दाट बेट होतं. आत्यानं ते आल्याआल्याच पाहून ठेवलं.

आता मुलांनो, इथे गोष्ट संपायला हवी होती. पण आत्या प्रामाणिक होती.

"बाळांनो," ती म्हणाली, "मौनवेल वगैरे काही नसते. मला फक्त झोप हवी होती."

मग प्रबोधच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पाहा हा विनय!" तो म्हणाला. "वेलीचं रहस्य जपायला आत्यांनी स्वतःकडे कमीपणा घेतला!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्यानं वाजवल्या. आत्याच्या डाव्या कानामागे बारीकशी कळ आली.

काही दिवसांतच डोहाकाठी प्रबोधनं 'मौनवेल साधना केंद्र' काढलं. सकाळ झाली की सगळे जमायचे. प्रबोध दगडावर उभा राहून ओरडायचा, "मौन!" आणि सगळे त्याच्यामागून ओरडायचे, "मौन!"

"आवाज कमी पडतोय!" प्रबोध ओरडायचा. "मनापासून! मौन!"

"मौन!"

बेडूक मधल्या जागा भरून काढायचे. आत्या कळकाच्या बेटात आत आत जाऊन बसायची आणि दोन्ही कान डोळ्यांवर ओढून घ्यायची.

एके दिवशी भर दुपारी प्रबोध एकटाच बेटात आला. डोकं धरून आला.

"आत्या," तो कुजबुजला, "कुणाला सांगू नका. माझी डोक्याची अर्धी बाजू... उजेड बघवत नाही."

आत्याला त्याची दया आली. दुखणं काय असतं ते तिला ठाऊक होतं.

"ये," ती म्हणाली. "पड इथे. अंधार आहे. गप्प पडून राहा."

प्रबोध पडला. थोड्या वेळानं त्यानं एक डोळा उघडला.

"नुसतं पडायचं?"

"हो."

"मग उपाय काय?"

"हाच."

"आत्या, मी शिकलेला आहे. मला खरं सांगितलं तरी चालेल."

आत्यानं मोठा उसासा टाकला. डोक्यावरच्या कळकाचं एक साधं पान तोडलं आणि त्याच्या कपाळावर ठेवलं.

"हे घे. मौनवेलीचं पान. बोललास तर लागू पडत नाही."

प्रबोधनं तोंड मिटलं आणि लगेच घोरायला लागला. जागा झाला तेव्हा त्याचं डोकं थांबलं होतं. त्यानं पान हातात घेतलं. ते उलटंसुलटं करून पाहिलं. मग वर पाहिलं. वर तसलीच पानं होती. अगणित.

"आत्या," तो ताडकन उठून बसला. "तुम्ही इतके दिवस... हिच्याखालीच बसला होतात?"

"अरे प्रबोध, थांब..."

पण तो थांबला नाही. त्याला जंगलाचं भलं करायचं होतं.

सगळे आले. भालेराव आले, काकू आली, उदमांजर आलं. प्रत्येकाला एक पान कपाळाला हवं होतं, एक उशाशी आणि एक पाहुण्यांसाठी. वानरं वरची पानं ओरबाडत होती. भालेराव कळक वाकवत होते. पाडसानंही एक पान घेतलं. त्याला काही दुखत नव्हतं, पण सगळे घेत होते.

सूर्य कलला तेव्हा बेटात एक पान उरलं नव्हतं. नुसते कळक उभे होते. त्यांच्यामधून ऊन सरळ आत आलं आणि वेणूआत्याच्या डोळ्यांत घुसलं. डोक्याची अर्धी बाजू ठणकू लागली. जुन्या बेटाकडे परतायची वाटही तिला आता आठवत नव्हती.

समोर सगळं जंगल उभं होतं. प्रत्येकाच्या कपाळावर एकेक पान. आणि सगळे एकदम, मनापासून ओरडले,

"आत्या, बरं वाटतंय का?"

"फार बरं वाटतंय," आत्या म्हणाली आणि चालायला लागली.

"कुठे निघालात?" प्रबोधनं विचारलं.

"सावली शोधायला."

"एकट्या? अशा आजारात?" प्रबोधला गहिवरून आलं. त्यानं मागे वळून हात वर केला. "चला रे, आत्यांना सोबत करू!"

आणि सगळे निघाले. बेडूक पुढे.

तात्पर्य : अंधारात गप्प पडून राहिलं की डोकं थांबतं. पण हे कुणाला पटवून द्यायला जाऊ नका. पटलं, की लोक आधी तुमच्या सावलीचाच पाला तोडून नेतात. त्यापेक्षा साळिंदराकडून मुकाट्यानं टोचून घ्यावं, 'गुण आला' म्हणावं, आणि ते सगळे उठून गेले की दार आतून लावावं.