हरेशदादाचा कल्ला

हरेशदादाला कुणी ‘छान झालंय’ म्हटलं की त्याचं डोकं फिरतं.

“काय छान? कुठली ओळ छान? वाचलंस का?”

माझ्या लग्नाची पत्रिका ऑफिसात वाटली तेव्हा सगळ्यांनी ‘अरे वा, झकास’ म्हणत ती बॅगेत टाकली. हा पठ्ठ्या उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचून म्हणाला, “अगं, तारीख बरोबर आहे, वार चुकलाय.” तीनशे पत्रिका छापून झाल्या होत्या. वाट लागली नुसती!

दादा आमच्या अंधेरीच्या सॉफ्टवेअर ऑफिसातला सगळ्यात जुना माणूस. राहायला वेसाव्याच्या कोळीवाड्यात. आमच्याकडे एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने वाचून ‘हो’ म्हटल्याशिवाय पुढे जात नाही. आता खरं सांगू? दुसऱ्याचा कोड वाचणं म्हणजे दुसऱ्याच्या पोरीच्या बारशाचा व्हिडिओ बघणं. दोन मिनिटं बघायचा, ‘गोड आहे हं’ म्हणायचं आणि सुटायचं.

हे दादाला सहन होईना. त्याने स्वतःच एक टूल लिहिलं आणि नाव ठेवलं ‘कल्ला’. त्याला ना बटणं, ना चित्रं. काळ्या खिडकीत ‘कल्ला’ एवढं टाइप करायचं. मग तुमच्या वाट्याचा कोड तुकड्यातुकड्याने समोर येतो आणि प्रत्येक तुकड्याखाली प्रश्न असतो: वाचलंस का? पटकन ‘हो’ दाबलं की लगेच उत्तर: इतक्या लवकर?

“यार दादा, आता मशीनचे पण टोमणे खायचे?”

“आई बाजारात मासळी विकायची. गिऱ्हाइकाने माशाचा कल्ला उचलून आत लाल आहे का ते न बघता पापलेट पिशवीत टाकलं ना, की तीच ओरडायची. ‘बघून घे की! शिळं दिलं असतं तर?’ न बघता घेणं हा विश्वास नसतो गं, आळस असतो.”

आम्हीही काही कमी नाही. दादाचा कोड आला की ‘कल्ला’ उघडून ठेवायचा, चहाला जायचं आणि परत येऊन आरामात ‘हो’ दाबायचं. टूलला वाटायचं, बाई मन लावून वाचतायत. दादाचा कोड थोडाच चुकणार आहे, असं आम्ही एकमेकांना सांगायचो. तीन वर्षं हेच चाललं होतं.

परवा चहाचं मशीन बिघडलं. जाणार कुठे? नाइलाजाने दादाचा कोड वाचायला घेतला. मध्येच एक ओळ होती, कंप्युटरसाठी नाही, वाचणाऱ्यासाठी लिहिलेली. ‘इथवर वाचलं? मग रविवारी वेसाव्याला जेवायला या. बोंबील मी तळतो.’

मला हसू फुटलं. सहज त्याचा आधीचा कोड काढला. त्यातही आमंत्रण. त्याच्या आधीच्यातही. मी मागे मागे जात राहिले. तीन वर्षांपूर्वीची ओळ निघाली, ‘बोंबील आई तळते.’ आणि गेल्या वर्षीच्या एका कोडात होतं, ‘आई गेली. तरी या. बोंबील मी तळतो.’

तेव्हा त्याने आठवडाभर सुट्टी घेतली होती. ‘घरी काम आहे’ एवढंच म्हणाला होता. आणि त्या ओळीखाली ‘हो, वाचलं’ कुणी दाबलं होतं? मीच. इतकी लाज वाटली मला स्वतःची!

मी ‘कल्ला’त लिहिलं, ‘दादा, वाचलं. रविवारी येते.’

पलीकडच्या टेबलावरची टकटक थांबली. दादाने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला, परत काढला.

“इतक्या लवकर?” म्हणाला.

रविवारी गेले. दादा हातात झारा घेऊन समोरच उभा राहिला, मी पहिला घास कधी घेते ते बघत. ‘छान झालेत’ अगदी जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं.

“मीठ जास्त झालंय, दादा.”

“झालंय ना?” दादाचा चेहरा असा काही खुलला! “मलाही वर्षभर तसंच वाटतंय गं. पण विचारणार कुणाला?”