बाळूतात्यांचं रूळ तपासणारं यंत्र

आमच्या शेजारचे बाळूतात्या टिचकी मारल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवत नाहीत. कलिंगड, माठ, प्लास्टिकची खुर्ची, सगळ्याला टिचकी. आमचा नवा जावई पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या हेल्मेटवरही मारली. आत जावयाचं डोकं होतं. वर म्हणाले, "आतनं काय हाय, कुनाला ठाव?"

तात्या जन्मभर रसायनीच्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्तीनंतर संशय घ्यायला यंत्रं उरली नाहीत, म्हणून माणसांवर घ्यायला लागले. मी तरी कुठे कमी आहे! मी माझ्या स्वभावाला चौकस म्हणते, घरचे दुसरं काहीतरी म्हणतात. त्यामुळे तात्यांनी शिळफाट्याच्या भंगारवाल्याकडून वायपरची मोटर आणि पोरांच्या सायकलची चाकं आणली, तेव्हा मी लगेच कुंपणाशी हजर.

"काय चाललंय तात्या?"

"रोबो. रुळावर चालनार. रुळाला भेग असंल तर बोंबलनार."

मी कान टवकारले. कारण तात्यांची मुलगी वैशाली रेल्वेत नेमकं हेच काम करते. हातोडा आणि झेंडी घेऊन पळसदरीच्या वरच्या घाटात रूळ बघत चालते. तात्यांना तिला बँकेत बसलेली बघायचं होतं. तिनं ही नोकरी धरली, तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद. सुट्टीला यायची, आईशी बोलायची, निघून जायची. आता हा बाप यंत्र करून पोरीच्या पोटावर पाय आणणार, अशी माझी खात्रीच झाली, आणि माझे संशय मी एकटीपुरते ठेवत नाही. लवकरच अख्खी आळी तात्यांकडे तिरक्या नजरेनं बघू लागली. तात्या आधीपासून सगळ्यांकडे तसंच बघत असल्यामुळे त्यांना फरक कळला नाही.

वैशाली सुट्टीला आली त्या दिवशी तात्यांनी अंगणात लोखंडी अँगल मांडला. मधोमध करवतीनं चीर पाडली होती. यंत्र सोडलं. ते खडखडत गेलं आणि चिरेवरून मुकाट्यानं पुढे निघून गेलं. मला इतका आनंद झाला की मी फाटक उघडून आतच शिरले. यंत्राच्या मागे पोचते न पोचते तोच ते असं किंचाळलं की माझी चप्पल पायातून निसटली.

"भेग दिसत नाही आणि मी बरी दिसते!"

"डोळा मागं लावलाय त्याचा," तात्या म्हणाले.

"रूळ बघायला मागं कशाला?"

"आधी पुढंच व्हता. पन भेग तिला गावते, हातोड्याच्या आवाजावर." वैशालीकडे न बघता त्यांनी सांगितलं. "खाली मान घालून चालते ती. मागनं गाडी आली तर कोन बघनार?"

मला फार भरून आलं. निसटलेली चप्पल शोधायच्या निमित्तानं मी खाली वाकले.

वैशालीनं यंत्राच्या डोळ्यासमोर हात पुढेमागे नेऊन बघितला. "बाबा, हे पार जवळ आल्यावर बोंबलतंय. गाडी एवढी जवळ आल्यावर काय उपेग?"

"लांबचा डोळा लावीन."

"रेल्वे वापरू देनार नाय."

"ठाव हाय."

तिनं यंत्र उचललं, पाठीशी धरलं आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.

"या बरं मागनं."

तात्या निघाले. यंत्र किंचाळू लागलं, तरी थांबले नाहीत. नोकरी लागल्यापासून ते तिच्या इतक्या जवळ पहिल्यांदाच गेले होते. वैशालीही पुढे सरकली नाही.