चारशे बारा बेवारशी प्रोग्रामांची बखर

श्रीविद्युद्देवता समर्थ. सर्व्हर अखंड चालो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, मंदवासर, ते दिवशी औषधे करणाऱ्या एका दौलतीत वर्तमान जाहले ते ऐसे जे, सरकारांनी दप्तरीचे सॉफ्टवेअर मोडून नवी आवृत्ती बसवावी ऐसा हुकूम केला, आणि मूळ जर्मन सॉफ्टवेअरात आपल्या लोकांनी पदरचे जे जे प्रोग्राम घातले ते हुडकून, ज्याचे त्याचे नाव लावून, बाराचे ठोक्यास यादी द्यावी, बेवारशी निघेल ते पुसले जाईल, ऐसी ताकीद रेवतीबाई टिपणीस यांस दिली. यादी नीट उतरली तर बाईंस कारभारीपद मिळणार होते.

मग बाईंनी शोध केला तो प्रोग्राम चारशे बारा निघाले, आणि चारशे बाराही विश्वासराव पोतदार या एका नावे निघाले. पोतदार पाच वर्षांमागे दौलत सोडोन गेले, परंतु त्यांचे लॉगिन बंद करणे कोणास सुचले नाही, आणि त्यास सर्व दरवाजे मोकळे, म्हणोन अवघा दरबार त्यांच्याच नावे काम करीत असे. पासवर्ड फळ्यावर लिहिला होता, आणि पुसू नये म्हणोन त्याभोवती चौकट होती. तरी रीत म्हणोन बाईंनी पोतदारांस फोन केला. ते बोलिले, "अहो मॅडम, मी स्टोअरला होतो. मला एक्सेलसुद्धा धड येत नव्हतं."

मग बाईंनी दरबारास पुसिले, आणि सर्वांनी आपापले बूट न्याहाळिले, कारण जो नाव लावील त्यानेच तपासावे आणि मोडल्यास जाब द्यावा ऐसा दंडक होता. ज्येष्ठ नरहरपंत सबनीस गंभीर मुखे वदले की पोतदार मोठा कर्तबगार पुरुष होता.

बारास वीस मिनिटे उरली, आणि तीनशे सातव्या ओळीस बाईंस 'तात्पुरते-२' दिसला. तो त्यांनीच पहिल्या वर्षी रचिला होता. शीतगृह तापू लागताच तो तत्काळ फोन करी. मूळ सॉफ्टवेअर तेच वर्तमान दुसरे दिवशी अहवालात कळवी, तोवर लहान मुलांच्या लसी नासून जाव्या. नाव लावावे तर परक्याचे लॉगिन वापरल्याचा गुन्हा कबूल, कारभारीपद गेले. नरहरपंत ओळ वाचोन हळूच म्हणाले, "रेवती, गप्प बस. पोतदारला कोण काय करतंय?"

बारास दोन मिनिटे असता बाईंनी नाव लाविले. सरकारांनी यादी पाहिली आणि भिवया चढविल्या. बाई म्हणाल्या, "हो साहेब, चूक माझीच. पण एवढा पुसू नका."

मग रविवारी बाकीचे चारशे अकरा पुसले गेले, आणि सोमवारी रजेचे अर्ज जर्मन भाषेत उघडो लागले, आणि नावे काही दोष नाही म्हणोन नरहरपंतांस कारभारीपद जाहले. बुधवारी नरहरपंतांचे सत्काराची भाषणे चालता शीतगृहाचे यंत्र बंद पडले, आणि फोन बाईंस आला, आणि त्या पेढा तसाच टाकोन धावल्या.

येणेप्रमाणे प्रोग्राम चारशे बारा, धनी एक, लसी शाबूत. भाषणे पुढे चालू राहिली.