टॉममामांचं हवामान

परदेशातल्या आमच्या पॉइंट कुक या उपनगरातले शेजारी टॉम सकाळी भेटले की आधी आमच्या मांजरीची चौकशी करतात. मांजर हीटरकडे पाठ करून बसली की पाऊस, हे त्यांनी आयर्लंडहून सोबत आणलेलं शास्त्र. तिकडे म्हणे गाई खाली बसल्या की पाऊस येतो. इथे गाई नाहीत, म्हणून ते समोरच्यांच्या लॅब्रेडॉरवर भागवतात. तो मुलखाचा आळशी, दिवसभर आडवाच. त्यामुळे टॉम भर उन्हाळ्यात रेनकोट घालून फिरतात आणि मला बजावतात, "लिहून ठेव, मेट!"

माझ्या बहिणीचं, स्वातीचं लग्न आमच्या बॅकयार्डात ठरलं. सगळी भिस्त आभाळावर. माझ्या फोनमधल्या अंदाजाकडे टॉमनी तुच्छतेने पाहिलं आणि आदल्या संध्याकाळी बाळ येशूची मुकुटवाली मूर्ती आणून कुंपणाशी ठेवली. लग्नाच्या आदल्या दिवशी याला बाहेर ठेवलं की दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडतं म्हणे!

पुण्याहून आलेल्या आईला हे कुणी सांगितलंच नाही.

सकाळी आभाळ भरलेलं आणि मूर्ती गायब. टॉम दारात, चेहरा पांढराफटक. "बाळ कुठाय?"

आई त्यांना थेट देवघरापाशी घेऊन गेली. बाळाची आंघोळ झाली होती. कपाळाला गंध, पायाशी तुळस, मुकुटावर लोकरीचं टोपडं. "बाळकृष्णाला असं थंडीत ठेवतात का, टॉमभाऊ?"

भाषांतर करताना माझी पाचावर धारण बसली. टॉम मात्र टोपड्याकडे बघत राहिले.

"देश सोडताना माझ्या आईने हा दिला होता," ते म्हणाले. "माझ्या मुलांच्या लग्नांसाठी. मुलं झालीच नाहीत. मग बायकोही गेली. याने अजून एकही लग्न पाहिलं नाही."

मी आईला सांगितलं. तिने डोळे पुसले आणि मूर्ती त्यांच्या हातात दिली. "नवरीला बोहल्यावर मामा आणतो. माझ्या भावाचा व्हिसा अडकलाय. यांना म्हणावं, तुम्ही आणा. बाळालाही घ्या."

त्या दिवशी टॉम पहिल्यांदाच रेनकोट घरी ठेवून, सूट घालून आले. एका हाताला स्वाती, दुसऱ्या हातात टोपडं घातलेलं बाळ. मंगलाष्टकं सुरू झाली आणि पाऊस कोसळला. पाहुणे गॅरेजकडे पळाले. टॉमनी बाळ स्वातीकडे दिलं, कोट काढला आणि तिच्या नि बाळाच्या डोक्यावर धरला.

मी छत्री घेऊन धावलो. "टॉममामा, पाऊस!"

"कुठला पाऊस?" ते म्हणाले आणि नखशिखांत भिजत तिथेच उभे राहिले.