गळती आढळली

मोबाईलवर ‘गळती आढळली, चार्जिंग थांबवले आहे’ असा निरोप आला तेव्हा सुखराम बांते आधी न्हाणीघरात गेले. तिथले नळ बंद होते. मग त्यांनी स्वयंपाकघर पाहिलं, गच्चीवरची टाकी पाहिली आणि शेवटी पोर्चमध्ये येऊन गाडीखाली वाकून पाहिलं. गाडी विजेवरची, सोमवारीच आलेली, नवीकोरी. तिच्याखालची फरशी कोरडी ठणठणीत होती. भिंतीवर लावलेल्या चार्जरच्या डब्यावर मात्र लाल दिवा लुकलुकत होता.

“अजी, काय शोधून राहिले?” बायकोनं, शकुंतलाबाईंनी, दारातून विचारलं.

“पाणी.”

“गाडी तं विजेवर चालते म्हणे.”

“तुले नाही समजत. मशीन उगाच बोलत नाही.”

जवाहरनगरच्या फॅक्टरीत सुखरामजींनी तेहतीस वर्षं काढली होती. काढली ती भांडार विभागात, पण मोहाडी गावात सगळे त्यांना इंजिनिअर समजत आणि त्यांनी तो समज कधी मोडला नाही. मशीनवर त्यांचा फार विश्वास. माणसांच्या बाबतीत तेवढा नव्हता.

त्यात माणूस धाकटा भाऊ असेल तर विचारूच नका. तीन वर्षांपूर्वी सुखरामजी आणि इश्वर यांनी एका घराची दोन घरं केली होती. मध्ये भिंत आली. वाटण्या इतक्या चोख झाल्या, की पाटा एका घरी गेला आणि वरवंटा दुसऱ्या घरी. दोन्ही घरी चटणी मिक्सरमध्ये होऊ लागली, पण कोणी माघार घेतली नाही. बोलणं तेव्हापासून बंद होतं.

आणि अशात मागच्या आठवड्यात साखरपुडा ठरलेली इश्वरची मुलगी गुंजन सरळ फाटक उघडून आत आली होती.

“मोठेबाबा, रविवारी माझं साक्षगंध आहे, भंडाऱ्याले. तुमची नवीन गाडी येऊन राहिली न? मी तिच्यातच बसून जाईन. बाबाले सांगून टाकलं मी.”

“काय म्हणाला तो?”

“काहीच नाही म्हणाले.”

बांत्यांच्या घरात याचा अर्थ ‘हो’ असा होतो. ती गेल्यावर सुखरामजी आतल्या खोलीत जाऊन उगाच कपाट आवरत बसले. ही पोर त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून शाळेत गेली होती. तीन वर्षांत झाला नव्हता एवढा आनंद त्यांना त्या दिवशी झाला, आणि तो कोणाला दिसू नये म्हणून कपाट.

आता गाडीत चार टक्के वीज उरली होती. भंडाऱ्याला पंपावर चार्जिंग होतं म्हणतात, पण चार टक्क्यांत भंडारा येत नव्हता. चार्जर सुरू केला, की तासाभरात कधीतरी लाल दिवा लागे आणि निरोप येई, गळती आढळली; आणि रात्री गाडी तशीच लावून झोपायची सुखरामजींची हिंमत होत नव्हती. सुखरामजींनी पोर्चची भिंत हातानं चाचपली. खाली, कोपऱ्यात, परातीएवढी ओल होती. भिंतीच्या पलीकडे इश्वरची न्हाणी होती.

तीन वर्षांनी भावाशी बोलायची वेळ आली. काय काय बोलता आलं असतं! सुखरामजी भिंतीवरून ओरडले, “इश्वर! तुझी न्हाणी गळते.”

इश्वर बनियनवरच बाहेर आला. “कोण म्हणते?”

“मशीन म्हणते. हे पाय.”

इश्वरनं मोबाईल हातात घेऊन तो निरोप दोनदा वाचला. इतक्या स्वच्छ मराठीत लिहिलेलं खोटं कसं असेल? शिवाय लेकीचं साक्षगंध तोंडावर होतं आणि मोठा भाऊ तीन वर्षांनी बोलला होता, भले न्हाणीबद्दल का असेना. त्याला मनापासून वाटलं, की या वेळी आपल्याकडून काही कमी पडू नये. “पायतो,” तो म्हणाला. बुधवारी सकाळी त्यानं गवंडी लावून न्हाणीची फरशी फोडली.

“चार दिवसावर साक्षगंध अन न्हाणी फोडून ठेवली!” इश्वरच्या बायकोचा, बेबीबाईंचा, आवाज दोन्ही घरांत सारखाच ऐकू येत होता. “पाव्हण्यांनी आंघोळ कुठं करावं? वैनगंगेवर?”

गवंड्याचं काम म्हटलं की पाणी आलं. माल कालवायला पाणी, धुवायला पाणी, त्यात पाहुणेही येऊ लागलेले. इश्वरच्या परसातली बोअरची मोटर दिवसातून तीन-चारदा चालायची ती दहा-बारा वेळा चालू लागली. आणि गंमत अशी, की सुखरामजींचा लाल दिवाही तितक्याच वेळा लागू लागला. सुखरामजी कॅलेंडरवर पेन्सिलीनं वेळा टिपत होते. गुरुवारी त्यांचा निष्कर्ष निघाला.

“जितकी फोडून राहिला तितकी जास्त गळून राहिली!” त्यांनी भिंतीवरून जाहीर केलं.

“मंग काय पाया खोदू?”

“खोद न! तुले तेव्हाच म्हटलं होतं, न्हाणी भिंतीले लावू नको. ऐकते कोण!”

“तुमचं ऐकूनच तं फोडली, दादा!”

तीन वर्षांत झालं नव्हतं एवढं बोलणं तीन दिवसांत झालं. न्हाणीवरून ते परसातल्या आंब्यावर गेलं, आंब्यावरून बापाच्या तेराव्याला कोणी किती पानं वाढली यावर गेलं, आणि शुक्रवारी आईच्या शेवटच्या दुखण्यात तिच्याजवळ कोण बसत होतं इथपर्यंत पोचलं. तिथून पुढे जायला जागाच नव्हती. दोघेही आपापल्या घरात गेले. न्हाणीत गुडघाभर खड्डा होता आणि गाडीत चार टक्के.

शनिवारी सकाळी शकुंतलाबाईंनी नवऱ्याला न विचारता जागेश्वरला फोन केला. गावातल्या निम्म्या घरांची वायरिंग जागेश्वरच्या हातची. तो आला, मोबाईलवरचा निरोप वाचला आणि हसला. मग भिंतीपलीकडचा खड्डा पाहिला आणि हसायचा थांबला.

“काका, हे पाण्याची गळती नोहे. करंटची आहे.”

“म्हणजे?”

“थांबा. इश्वरकाका, जरा मोटर लावा बरं.”

मोटर लागली. लाल दिवा पेटला. मोटर बंद करून चार्जर पुन्हा सुरू केला, तर हिरवा. जागेश्वरनं हा खेळ तीनदा करून दाखवला. तोपर्यंत दोन्ही घरची माणसं पोर्चमध्ये जमली होती.

“करंट जेवढा जाते तेवढाच वापस आला पाहिजे,” जागेश्वर म्हणाला. “त्याईच्या मोटरचा करंट जाते त्याईच्या मीटरातून, अन वापस येते तुमच्या तारेतून. मशीनले वाटते, कुठं तरी गडबड आहे. मोटरची वापस येणारी काळी तार अजून दोन्ही घराईची एकच आहे.”

“एक कशी? वाटणीच्या वेळी सगळ्या तारा अलग केल्या मी. उभा राहून केल्या!”

जागेश्वर जरा घुटमळला. “लाल केल्या, काका. काळीचं मी तुमाले विचारलं होतं. तुमी म्हटलं, काळीत करंट नसते, फॅक्टरीत मी रोज पायतो, राहू दे.”

बेबीबाईंच्या हातावर सिमेंट वाळलं होतं, त्या ते नखानं खरवडत राहिल्या.

“आता काय करा लागन?” इश्वरनं विचारलं.

“दोन रस्ते आहेत. एक तं काळी तार कापतो. मंग तुमची मोटर बंद. नवीन तार ओढाले भिंत फोडा लागन, ते सोमवारी. नाही तं दोन दिवस गाडी लावली की मोटर लावू नका, मोटर लावली की गाडी लावू नका. एकमेकाले सांगत जा, बस.”

इश्वर भावाकडे वळला. आवाज खाली आणून म्हणाला, “दादा, गाडी लावान तवा आवाज द्या फक्त. मी मोटर बंद ठेवतो.”

किती सोपं होतं! ‘बरं’ एवढं म्हणायचं होतं. फार तर ‘चुकलं माझं’, तेही नसतं म्हटलं तरी कोणी मागितलं नव्हतं. पण सुखरामजींना भयंकर लाज वाटत होती, आणि लाज वाटली की त्यांचा आवाज चढत असे.

“म्हणजे माझ्या घरी गाडी लावाले तुले विचारू? काप रे जागेश्वर.”

“काका, त्याईच्या घरी पाव्हणे आहेत.”

“काप म्हटलं न!”

जागेश्वरनं पक्कड काढली. काम अर्ध्या मिनिटाचं होतं. इश्वर काही बोलला नाही, आणि या वेळी त्याचा अर्थ ‘हो’ नव्हता.

रविवारी सकाळी इश्वरच्या घरचे पाहुणे बादल्या घेऊन हातपंपावर निघाले. हातपंप गल्लीच्या टोकाला. वाटेत सुखरामजींचं फाटक, फाटकाच्या आत वाहता नळ. जाताना कोणी आत पाहत नव्हतं, येताना ओझ्यामुळे पाहणं शक्य नव्हतं. सुखरामजी कडक इस्त्रीचा सदरा घालून, गाडीच्या काचा पुसत उभे होते. गाडी शंभर टक्के झाली होती.

“आवाज द्या न त्याईले,” शकुंतलाबाई म्हणाल्या. “आपल्या नळावर या म्हणा.”

“त्याले तोंड नाही का?”

शकुंतलाबाईंनी नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं. मग आपल्या नळाखाली दोन बादल्या भरल्या आणि त्या उचलून जावेच्या घरी गेल्या. परत आल्या नाहीत.

दहा वाजता इश्वरच्या दाराशी भाड्याची जीप येऊन उभी राहिली. गुंजन हिरव्या शालूत बाहेर आली, जीपकडे जाता जाता फाटकाशी थांबली.

“मोठेबाबा, बाबानं दुसरी गाडी सांगतली. मी लय म्हटलं.” तिनं जीपकडे पाहिलं. “तुमी या न मागून.”

“येतो न बेटा. तू जा.”

जीप भरली. मागच्या सीटवर बेबीबाईंच्या शेजारी शकुंतलाबाई बसल्या होत्या. जीप धूर सोडत निघून गेली. सुखरामजी गाडीत बसले, पट्टा लावला, आणि तेवढ्यात मोबाईल वाजला. चार्जरच्या कंपनीतली कोणी मुलगी होती.

“सर, या आठवड्यात तुमच्या चार्जरवर एकेचाळीस वेळा दोष नोंदला गेला. काल दुपारपासून एकही नाही. अडचण दूर झाली का?”

“झाली.”

“खूप छान, सर. आणखी काही मदत करू का?”

सुखरामजींनी बाजूच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं, मग आरशातून मागच्या सीटकडे. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं.

“बाई, तुमी रिकाम्या असान तं या. आमच्या इथं साक्षगंध आहे. गाडी फुल चार्ज आहे, बसाले कोणी नाही.”

मुलगी हसली. “अरे वा, अभिनंदन सर! मुलगी तुमची का?”

“कालपर्यंत होती,” सुखरामजी म्हणाले.