एवारिस्तोने मागितलेला कान

"वळूच्या झुंजी? अहो डॉन लेओकादिओ, पाळण्यात होतो तेव्हापासून बघतोय मी!" एवारिस्तोने भावी सासऱ्याला छातीठोकपणे सांगून टाकलं.

खरी गोष्ट अशी, की दाढी करताना हनुवटीला जरा ब्लेड लागलं तरी या गृहस्थाला बसायला खुर्ची शोधावी लागे. झुंज त्याने जन्मात पाहिली नव्हती. पण त्याला कासिल्दा हवी होती, आणि तिच्या बापाला झुंजीतलं कळणारा जावई. आधीचा एक उमेदवार भलत्या वेळी टाळ्या वाजवून बाद झाला होता.

"मग रविवारी चल माझ्याबरोबर," डॉन लेओकादिओ म्हणाले. उत्रेरा गावात त्यांचा ऑलिव्हच्या तेलाचा घाणा होता आणि झुंजीबद्दल त्यांचं मत म्हणजे कोर्टाचा निकाल. "तिथे पायरीवर शेजारी बसला की माणूस मला बरोबर कळतो."

एवारिस्तोने बेत आखला. मोठा काळा चष्मा लावायचा, आत डोळे गच्च मिटायचे आणि नुसत्या आरड्याओरड्यावर वेळ मारून न्यायची. पहिले दोन वळू होईपर्यंत बेत फक्कड जमला. लोक ओरडले की तो मान डोलावी, लोक गप्प झाले की सुस्कारा सोडी.

"कसा वाटला?" डॉन लेओकादिओंनी विचारलं.

"जीव ओतत नाही हो."

"वा! नेमकं बोललास! हल्लीच्या पोरांना एवढंही दिसत नाही!"

एवारिस्तोला स्वतःचाच हेवा वाटला.

तिसऱ्या वळूसमोर गावचाच मॅटाडोर उतरला, फुल्हेन्सिओ. हा गडी वळूपेक्षा कुंपणाच्या जास्त जवळ राहिला. लाल कापड त्याच्या स्वतःच्याच पायात अडकलं, तलवार हाडावर आपटून पुन्हा पुन्हा उडाली. शेवटी वळू आडवा झाला तो बहुधा कंटाळून. लोकांनी शिट्ट्यांनी आभाळ डोक्यावर घेतलं, बसायच्या गाद्या रिंगणात भिरकावल्या.

"शी! केवढं रक्त सांडलंय ते!" शेजारचा आन्सेल्मो ओरडला.

तेवढं ऐकलं आणि एवारिस्तोला दरदरून घाम फुटला. त्याने खिशातून कासिल्दाने इस्त्री करून दिलेला पांढराशुभ्र रुमाल काढला आणि तोंडावर जोरजोरात वारा घालायला सुरुवात केली.

आता उत्रेरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, की वळू पडल्यावर पांढरा रुमाल हलवायचा म्हणजे या वीराला वळूचा कान बक्षीस द्या अशी मागणी करायची. बहुतेकांचे रुमाल हलले, की सज्जात बसलेल्या झुंजीच्या अध्यक्षांना तो द्यावाच लागतो. त्या क्षणी मात्र सगळ्या रिंगणात रुमाल एकच होता.

"अहो साहेब, याला कान?" आन्सेल्मो किंचाळला. "याचेच धरून पिळायला हवेत!"

"रुमाल खाली घे," डॉन लेओकादिओ दातओठ खात म्हणाले.

"नाही जमणार," एवारिस्तो कण्हला. "थांबलो तर सगळं संपलंच!"

तेवढ्यात मागच्या पायरीवर हुंदका ऐकू आला. तिथे फुल्हेन्सिओची आत्या ब्रिखिदा बसली होती, गावातली एकुलती एक पाववाली.

"कदर करणारा एक तरी माणूस निघाला गं बाई!" म्हणत ती टेबलक्लॉथएवढा रुमाल घेऊन उभी राहिली आणि तिने चौफेर नजर फिरवली. उद्या सकाळी सगळ्यांना पाव तिच्याच भट्टीतून घ्यायचा होता. पटापट रुमाल निघाले. उन्हातल्या स्वस्त जागांवरच्या टारगटांनी तर गंमत म्हणून सदरेसुद्धा काढून हलवले. अध्यक्षांनी कपाळाला हात लावला आणि आपला रुमाल सज्जाच्या कठड्यावर टाकला. कान मंजूर!

फुल्हेन्सिओ तो कान मिरवत थेट एवारिस्तोसमोर आला. "मालक, हा तुमचा!"

मांडीवर काहीतरी ओलं, कोमट आणि केसाळ येऊन पडलं. एवारिस्तोने डोळे उघडले, खाली पाहिलं, आणि तो आन्सेल्मोच्या अंगावर कोसळला.

शुद्ध आली तेव्हा तो रिंगणामागच्या दवाखान्यात होता. उशाशी डॉन लेओकादिओ हातात टोपी घेऊन उभे होते, मयताला आल्यासारखे.

"कासिल्दाला विसर," ते म्हणाले. "दारुडा जावई मी सांभाळला असता. बेकारसुद्धा पोसला असता. पण त्या खाटकाला कान देणारा माणूस माझ्या घरात जेवायला बसणार नाही!"

एवारिस्तो ताडकन उठून बसला. अब्रू राखायची तर कासिल्दा जात होती.

"मी काही पाहिलंच नाही हो!" तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "सगळा वेळ डोळे मिटून बसलो होतो. मला रक्त बघवत नाही. झुंजीला आज पहिल्यांदाच आलो. घामाघूम झालो म्हणून वारा घेत होतो!"

डॉन लेओकादिओ मटकन खुर्चीत बसले. मग उठले आणि त्यांनी एवारिस्तोला कडकडून मिठी मारली.

"देवा, तुझे उपकार!" त्यांचे डोळे भरून आले होते. "मला वाटलं, तू बघून मागितलास!"

लग्न ऑक्टोबरात ठरलं. आणि पोराची नजर तयार व्हावी म्हणून सासऱ्यांनी आपल्या शेजारची जागा जन्मभरासाठी त्याच्या नावावर करून टाकली, काळा चष्मा न लावण्याच्या अटीवर.