अल्बमचे सुतक

डोक्यावर पांढरी टोपी, खाली पांढरा पायजमा आणि या दोहोंच्या मध्ये काळ्या टी-शर्टावर दात विचकणारी कवटी, अशा वेशात म्हसावदच्या बाजारात वांगी निवडणारा गृहस्थ दिसला, तर घाबरून जाऊ नये. ते आमचे शेजारी नथू आप्पा. पपईचे बागायतदार, दोन नातवंडांचे आजोबा आणि हेवी मेटल नावाच्या संगीताचे निस्सीम भक्त. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, तो टी-शर्ट नेहमी उलटा करून वाळत घालतात. "दोरीवर मुडदा टांगेल दिसस," असे त्यांचे म्हणणे.

हेवी मेटल म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. यात गिटार करवतीसारखी वाजते, ढोल एखाद्याचे दार फोडावे तसे वाजतात आणि गायक गाण्याऐवजी डरकाळी फोडतो. मी शाळेत आयुष्यभर भाषा शिकवली. पण त्या डरकाळीत एक शब्द कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो, हे मला उमगले नाही. तसे मी आप्पांना विचारलेही.

"शब्द कसाले पाहिजे, गुरुजी?" ते म्हणाले. "बैल हंबरस तव्हय तुम्ही व्याकरण दखतस का?"

बागेत ही गाणी लावली तर रानडुकरे पळतील, असे कोणीतरी त्यांना सुचवले होते. आप्पांना तो अपमान वाटला. "डुकरं पळतस नही. उभं राहीसन ऐकतस," असे त्यांनी गंभीरपणे सांगितले.

हा नाद त्यांना नंदुरबारला आयटीआयमध्ये शिकताना लागला. खोलीतला सोबती सायमन हा नवापूरकडच्या डोंगरातला, चर्चमध्ये गिटार वाजवणारा. त्याच्या कोणा नातलगाने सुरतेहून एका परदेशी बँडची कॅसेट आणली होती. त्या बँडचे नाव मी येथे देत नाही. आप्पा त्याचा जो उच्चार करतात तो त्या बँडलाही ओळखता येणार नाही. पुढे आप्पा शेतीत आले, सायमन खडी क्रशरवर कामाला लागला. पण एक नेम दोघांनी पाळला. त्या बँडचा नवा अल्बम आला की पहिल्यांदा तो दोघांनी मिळूनच ऐकायचा, कधी म्हसावदला, कधी सायमनच्या घरी. जिल्ह्यात या बँडचा तिसरा चाहता असल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

यंदा कितीतरी वर्षांनी नवा अल्बम आला. आप्पांनी ओटा झाडून घेतला, वहिनींना शेवभाजी करायला सांगितली. सायमन मात्र आला नाही. त्याचा नुसता मेसेज आला, 'तू तिकडे ऐक. मी इकडे ऐकतो.' आप्पांनी शेवभाजीला हात लावला नाही आणि अल्बम मला शेजारी बसवून ऐकला.

मला तो आवडला, हेच वाईट लक्षण होते. गाणी संथ होती. एका गाण्यात व्हायोलिन होते. गायक चक्क गात होता, आणि त्याचे शब्द मला कळत होते. आप्पांचा चेहरा गारपिटीनंतरच्या बागेसारखा झाला.

त्यानंतर माझ्यावर एक नवे काम आले. जगभरचे चाहते इंटरनेटवर इंग्रजीत काय म्हणतात, ते आप्पांना वाचून दाखवायचे.

"हा म्हणतो, माझी आजी हा अल्बम ऐकून झोपी गेली."

"खरं बोलना. कोठला शे तो?"

"फिनलंडचा."

"मन्हा भाऊच शे. पुढे?"

"हा ब्राझीलचा. म्हणतो, मी रडलो. फार सुंदर आहे."

"खोटारडा शे! तो सोडा. पुढे!"

"हा म्हणतो, आमच्यासाठी हा बँड मेला."

ते वाक्य आप्पांनी माझ्याकडून पुन्हा वाचून घेतले. तेवढ्यात सायमनचा मेसेज आला, 'मला फार आवडला. यांचा सगळ्यात चांगला अल्बम.' आप्पांनी मोबाइल उपडा ठेवला. "हाऊ मन्हा सायमन नही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा ओट्यावर सतरंजी टाकून, डोक्यावरून पांढरा टॉवेल घेऊन, मान खाली घालून बसले. आता आमच्याकडची एक रीत सांगणे आवश्यक आहे. ज्याच्या घरी दुःख झाले त्याच्या दारावर जाऊन बसायचे. आधी मुकाट्याने बसायचे. कोण गेले, कसे गेले, हे आल्या आल्या विचारणे असभ्यपणाचे. मोटर सुरू करायला निघालेल्या एका शेतकऱ्याने आप्पांना त्या अवस्थेत पाहिले आणि तो चपला काढून शेजारी बसला. त्याला पाहून दुसरा बसला. मी दूध घेऊन येत होतो, मीही बसलो. थोड्याच वेळात ओटा भरला. प्रत्येक जण मनातल्या मनात आप्पांचे नातलग आठवीत होता.

आप्पांनी मान वर करून सर्वांकडे पाहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. "गावले इतलं वाईट वाटी, असं माले वाटनं नव्हतं," ते म्हणाले.

"वाटावच ना, आप्पा. कोनाले चुकेल शे?" कोणीतरी म्हणाले.

"व्हायोलिन नको व्हतं घालाले," आप्पा म्हणाले.

मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. तेव्हा वहिनी हातातल्या उलथन्यासह बाहेर आल्या. "उठा सगळा! कोनी मरेल नही! ह्या मानूसनं गाणं बिघडनं, म्हनीसन बठेल शे!"

मंडळी पायजमे झटकीत उठली. "मंग च्या तरी पाजा," असे एक जण म्हणाला, पण वहिनींच्या हातातले उलथने पाहून तोही निघाला.

बातमी मात्र त्याआधीच गावाबाहेर गेली होती. दुपारी फाट्यावर जीप थांबली आणि सायमन उतरला. अंगात पांढरा सदरा, चेहरा उतरलेला. काही न विचारता तो आप्पांच्या शेजारी बसला आणि त्यांचा हात हातात घेऊन मोठ्याने म्हणाला, "वहिनी फार चांगल्या होत्या रे, नथू."

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभ्या राहिल्या, तेव्हा तो दचकून उठला. खरा प्रकार मी त्याला सांगितला. तो माझ्या ओठांकडे टक लावून पाहत होता. मला दोनदा सांगावे लागले.

आप्पांचा राग अजून ओसरला नव्हता. "काय चांगलं शे त्या अल्बममां? सांग!"

"काय म्हणतोस?"

आप्पांनी ओरडून पुन्हा विचारले. सायमनने डाव्या कानाला बोट लावले. "हा गेला, नथू. क्रशरने खाल्ला. उजवा थोडा आहे. आपली जुनी गाणी लावतो ना, तर खडी पडल्यासारखी ऐकू येतात. सगळं एकच. हा नवा हळू आहे. माणूस गातो ते मला कळतं."

"मंग उना का नही ऐकाले?"

"तू नाचणार," सायमन म्हणाला, "आणि मी तुझं तोंड बघत बसणार."

आप्पा उठले. आतून त्यांनी स्पीकर आणला, सायमनच्या उजव्या बाजूला ठेवला आणि तो अल्बम पहिल्यापासून लावला. व्हायोलिन आले तेव्हा सायमनने डोळे मिटून मान डोलावली. आप्पा गाण्याकडे लक्ष देत नव्हते. ते सायमनकडे पाहत होते.

संध्याकाळच्या जीपने सायमन गेला. आप्पा मोबाइल घेऊन माझ्याकडे आले. "लिखा, गुरुजी. इंग्रजीमां. त्या बँडवालासले."

"काय लिहू?"

"अल्बम झकास शे. पुढलाबी असाच करा. याच्यापेक्षा हळू जमनं, तरी चाली."

"पण आप्पा, तुम्हाला तर..."

"तुम्ही लिखा."

मी जमेल तितक्या अचूकपणे ते इंग्रजीत उतरवून, चाहते जेथे लिहीत होते त्याच बँडच्या पानावर टाकले. खाली दोघांचीही नावे घालायला त्यांनी सांगितले. आम्ही चहा घेत होतो, तोच फिनलंडच्या त्या गृहस्थाचे उत्तर आले. सांगावे की नाही, असा मला प्रश्न पडला. पण आप्पा वाट पाहत होते.

"तो म्हणतो, तुम्हाला मेटलमधलं काही कळत नाही."

आप्पांनी बशीतला चहा संपवला, टी-शर्टावर सांडलेले थेंब पुसले.

"म्हनू द्या त्याले," ते म्हणाले.